चाहूल आणि शब्द : ‘ग्रॅनी’ या भयखेळाचे गुणदोष

१

संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळले जाणारे खेळ विद्यापीठीय समीक्षेच्या कक्षेत येतात किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लोकप्रियतेवरून देणे योग्य नव्हे. लोकप्रियता ही समाजशास्त्राची सामग्री होय. समीक्षेला रचना हवी असते, आणि त्या रचनेने साधलेला अथवा हुकलेला परिणाम हवा असतो. या दृष्टीने पाहता, अत्यंत थोडक्या साधनांनी एखादा भाव निर्माण करू पाहणारी कृती ही विपुल साधनांच्या कृतीपेक्षा अभ्यासास अधिक सोयीची ठरते. कारण तिच्यात कोणत्या घटकाने कोणते कार्य केले हे वेगळे काढून दाखविता येते.

ज्या खेळप्रकारास ‘सर्व्हायव्हल हॉरर’ असे म्हणतात, त्याला मराठीत ‘जीवरक्षणाचा भयखेळ’, किंवा संक्षेपाने ‘भयखेळ’, असे म्हणता येईल. १९८९ मधील ‘स्वीट होम’ व १९९२ मधील ‘अलोन इन द डार्क’ या खेळांत या प्रकाराची बहुतेक लक्षणे आढळतात. मात्र ही संज्ञा रूढ झाली ती १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’पासून. शत्रूचा पाडाव करणे हे येथे खेळणाऱ्याचे मुख्य उद्दिष्ट नसते. अपुऱ्या साधनांनिशी तग धरणे आणि निसटणे, एवढेच त्याच्या हाती असते. पुढे या प्रकाराची एक अगदी साधी शाखा निघाली. २०१२ मधील ‘स्लेंडर’ या खेळात रात्रीच्या रानात विजेरी घेऊन आठ कागद गोळा करावयाचे असतात, आणि मागावर असलेल्या आकृतीकडे फार वेळ पाहावयाचे नसते. नियम म्हणावा तो एवढाच. याच शाखेतील ‘ग्रॅनी’ हा खेळ डीव्हीलोपर या नावाने काम करणाऱ्या निर्मात्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. तो विनामूल्य होता, जाहिरातींवर चालणारा होता, आकाराने लहान होता, आणि एकदा उतरवून घेतल्यावर त्यास इंटरनेटची गरज पडत नसे. सप्टेंबर २०१६ नंतर भारतात इंटरनेट एकाएकी स्वस्त झालेले होते व कमी किंमतीचे दूरध्वनी घरोघर पोहोचत होते. अशा दूरध्वनीवर चालू शकणारा खेळ ज्या वस्त्यांत पोहोचला, त्यांत भिवंडीसारख्या कामगारनगरांचा समावेश स्वाभाविक होता.

प्रस्तुत लेखात या खेळाचे परीक्षण भिवंडी हे नगर समोर ठेवून केले आहे. कारण असे की, ‘ग्रॅनी’ची सारी रचना आवाजाच्या अर्थावर उभी आहे, आणि आवाजाचा अर्थ स्थानापासून सुटा करता येत नाही. यंत्रमागांच्या गावी आवाज म्हणजे काय आणि शांतता म्हणजे काय, हे पाहिल्यावाचून या खेळाचे बळ व त्याची उणीव यांपैकी कशाचाच नीट उलगडा होत नाही.

२

प्रथम खेळाची रचना पाहू. खेळणारा एका अनोळखी घरातील खोलीत जागा होतो. घराचा मुख्य दरवाजा अनेक प्रकारच्या कुलपांनी व अडसरांनी बंद आहे. ते दूर करण्यासाठी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे हातोडा, पक्कड, निरनिराळ्या किल्ल्या, अंकी कुलपाचा संकेतांक, घरभर विखुरलेल्या आहेत. घरात एक वृद्ध स्त्री हातात दांडके घेऊन वावरते. तिला सर्व काही ऐकू येते. वस्तू खाली पडली, फुलदाणी फुटली, जिन्याची वा जमिनीची फळी करकरली, की ती आवाजाच्या रोखाने धावत येते. लपण्यास पलंगाखालची जागा व कपाटे आहेत. तिने पकडल्यास तो दिवस संपतो आणि खेळणारा पुन्हा त्याच बिछान्यावर जागा होतो. असे एकूण पाच दिवस त्याला मिळतात. तिला काही काळ बेशुद्ध पाडता येते; परंतु ठरावीक वेळानंतर ती परत येते.

या वर्णनात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. खेळणाऱ्याला एका वेळी एकच वस्तू जवळ बाळगता येते. दुसरी घ्यावयाची तर पहिली टाकावी लागते, आणि टाकलेली वस्तू आवाज करते. म्हणजे सुटकेकडे नेणारे प्रत्येक पाऊल हेच संकटाला निमंत्रण देणारे पाऊलही असते. कोणती वस्तू कोठे ठेवली हे ध्यानात ठेवणे, कोणत्या क्षणी टाकावी हे ठरविणे आणि टाकल्यावर कोठे दडावे हे आधीच हेरून ठेवणे, ही तिन्ही कामे या एकाच बंधनातून उद्भवतात. उलट, हाच आवाज हत्यार म्हणूनही वापरता येतो. एका खोलीत वस्तू फेकून वृद्धेला तिकडे धाडावे आणि आपण दुसऱ्या वाटेने जावे, अशी युक्ती लवकरच सुचते. एका नियमातून भय आणि युक्ती या दोहोंचा जन्म होणे, हे रचनेच्या दृष्टीने उत्तम लक्षण मानले पाहिजे.

३

‘ग्रॅनी’चा पहिला आणि सर्वांत मोठा गुण हाच होय : नियमांची काटकसर. ‘स्लेंडर’चा आधार दृष्टी हा होता, ‘ग्रॅनी’चा आधार श्रवण हा आहे. दृष्टीवर आधारलेल्या भयापासून तोंड फिरविता येते. कानाला पापणी नसते, म्हणून श्रवणावर आधारलेल्या भयाला अशी पळवाट राहत नाही.

येथे आवाज आणि चाहूल यांतील भेद उपयोगी पडतो. आवाज ही केवळ घटना आहे. चाहूल ही कोणाच्या तरी असण्याची वा येण्याची खूण आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी चिन्हांचे जे तीन वर्ग केले, त्यांत सादृश्यावर आधारलेले, रूढीवर आधारलेले आणि प्रत्यक्ष संबंधावर आधारलेले असे भेद आहेत. धूर हे अग्नीचे चिन्ह असते ते तिसऱ्या वर्गातले. चाहूलही त्याच वर्गातली. शब्दाचा अर्थ समजण्यास भाषा यावी लागते. चाहुलीचा अर्थ समजण्यास केवळ कान आणि जिवाची काळजी पुरते. ‘ग्रॅनी’ हा खेळ आरंभापासून अखेरपर्यंत चाहुलीच्या देवघेवीवर चालतो. वृद्धा खेळणाऱ्याची चाहूल घेते आणि खेळणारा तिची. भाषेचा वापर इतका अत्यल्प आहे की, एक अक्षर इंग्रजी न जाणणाऱ्यालाही खेळ थोड्याच वेळात पुरता कळतो. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषा नित्य कानी पडतात, तालुक्यात आगरी बोली आणि वारली-कातकऱ्यांच्या बोलीही नांदतात. अशा ठिकाणी भाषेवर न अडणारा खेळ सर्वांस सारखाच खुला राहतो, हा गुण लहान नव्हे.

दुसरा गुण भयानक रसाच्या परंपरागत विचाराच्या प्रकाशात स्पष्ट होतो. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त भयानकाच्या विभावांत विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, अरण्यात किंवा ओसाड घरात प्रवेश यांची गणना केली आहे. ‘ग्रॅनी’त यांपैकी घर आणि आवाज हे दोनच विभाव घेतले आहेत, पण ते परस्परांत गुंतविले आहेत. घरातील प्रत्येक वस्तू हा संभाव्य आवाज आहे. त्यामुळे फुलदाणी, जिना, कपाटाचे दार अशा निरुपद्रवी गोष्टींवरही धास्तीची छाया पडते. ओबडधोबड चित्रण, मर्यादित हालचाली आणि एकसुरी रंगसंगती असूनही खेळाचा पहिला तास परिणामकारक होतो तो यामुळेच. साधनांचे दारिद्र्य रचनेच्या नेमकेपणाने भरून निघाले आहे.

तिसरा गुण आपल्या ओळखीच्या एका खेळाशी तुलना केल्यास दिसतो. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेला गडी बाकीच्यांना चाहुलीवरून शोधतो. पाय न वाजविणे, श्वास रोखणे, मुद्दाम दुसरीकडे टाळी वाजवून त्याला चकविणे हे सारे त्यात आहे. ‘ग्रॅनी’ हे त्याच आदिम क्रीडेचे नवे रूप होय. नव्या यंत्राने जुन्या खेळाचा गाभा ओळखला, ही गोष्ट श्रेयाचीच आहे. मात्र याच तुलनेत त्याच्या मर्यादेचीही पहिली खूण सापडते. आंधळ्या कोशिंबिरीत जो पकडला जातो त्याच्यावर राज्य येते. पळणाऱ्याला कधी ना कधी शोधणाऱ्याच्या अंधारात उभे राहावे लागते. ‘ग्रॅनी’त भूमिकांची अशी अदलाबदल होत नाही. वृद्धेच्या बाजूने ते घर कसे भासत असेल, हे खेळणाऱ्याला कधीही अनुभवावे लागत नाही.

४

आता या रचनेकडे भिवंडीतून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर वस्ती असलेले हे नगर यंत्रमागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. जुन्या धोट्याच्या मागांचा खडखडाट इतका असतो की, मागखात्यात दोन माणसांना एकमेकांशी बोलावयाचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी चालणारे हे माग वस्तीच्या अंगालगतच असतात. अशा नगरात राहणाऱ्याचा कान या आवाजाचा तपशील ओळखावयास शिकतो. धागा तुटला, एखादा माग थांबला, तर अनेक माग सांभाळणाऱ्या कामगाराचे लक्ष एकूण गोंगाटातील त्या फरकाकडे जाते. आवाजातून अर्थ काढण्याची ही कला त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

परंतु त्या अर्थाची दिशा खेळातील अर्थाच्या नेमकी उलट आहे. ‘ग्रॅनी’त शांतता म्हणजे सुरक्षितता आणि आवाज म्हणजे संकट. यंत्रमागाच्या नगरात आवाज म्हणजे चालू असलेला रोजगार. शांतता म्हणजे मंदी, बंद, संचारबंदी. मे १९७० आणि मे १९८४ या दोन्ही वेळी दंगलींनी हे नगर होरपळले, आणि माग थांबले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर माग पुन्हा मुके झाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे मजुरांना घेऊन विशेष आगगाडी निघाली. ज्या पिढीने असे दिवस पाहिले, तिला गप्प झालेली गल्ली हे निर्धास्तपणाचे चिन्ह वाटणे शक्य नाही.

घराच्या कल्पनेविषयीही असेच म्हणता येईल. ‘ग्रॅनी’चे घर अनेक मजल्यांचे आहे. त्याला तळघर आहे, पोटमाळा आहे, बंद होणारी स्वतंत्र दालने आहेत. तेथील भय हे मोठ्या घरात एकटे असण्याचे भय आहे. एका खोलीत पाच-सात माणसे राहतात, रात्रपाळीचा माणूस दिवसा निजतो आणि त्याच अंथरुणावर रात्री दुसरा निजतो, अशा वस्तीत लपण्यास जागा नसते आणि एकटे होण्यास अवकाश नसतो. तेथील खरे भय छपराचे असते. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीतील पटेल कंपाउंड भागात पहाटेच्या वेळी तीन मजली इमारत कोसळून झोपेतली माणसे गाडली गेली, हे उदाहरण पुरेसे आहे.

या विसंगतीवरून खेळ सदोष ठरतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परक्या घराचे भय वाचकाला किंवा खेळणाऱ्याला घेता येते. किंबहुना कलेकडून तीच अपेक्षा असते. शिवाय कर्णयंत्र कानाला लावून चहूंकडच्या खडखडाटातून क्षणभर वेगळे होणे आणि फळीच्या एका करकरीसाठी जीव कानात आणून बसणे, यात गोंगाटात राहणाऱ्याला एक प्रकारची विश्रांतीही असू शकते. विसंगतीचे महत्त्व निराळ्याच ठिकाणी आहे. आवाज म्हणजे संकट, हे समीकरण निसर्गदत्त नसून खेळाने घालून दिलेले आहे, असे तिच्यामुळे दिसून येते. जे समीकरण घालून दिलेले असते, त्याला अर्थाचा आधार द्यावा लागतो. ‘ग्रॅनी’त हा आधार कितपत आहे, येथून दोषांच्या चर्चेला प्रारंभ होतो.

५

पहिला दोष पुनरावृत्तीचा. वस्तूंच्या जागा खेळागणिक बदलतात, पण त्या ठरावीक मांडण्यांतूनच. वृद्धेच्या वागण्याचे नियमही थोडे आहेत. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर खेळणाऱ्याला ती कधी येईल, किती वेळ थांबेल, कोणत्या कपाटात पाहणार नाही, याचा अदमास येतो. त्यानंतर चाहूल ही चाहूल उरत नाही. ती रेल्वेच्या हातदिव्यासारखा निव्वळ इशारा होते. इशाऱ्याने माणूस सावध होतो, भीत नाही. भयाच्या जागी कौशल्य येते आणि खेळणारा घड्याळाशी स्पर्धा करू लागतो. रसविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर, भय हा स्थायी भाव मागे पडून त्याच्या जागी उत्साह येतो. वीराचा स्थायी भाव भयानकाच्या घरात शिरला, तर त्या घराचे प्रयोजन संपते.

यावर असे म्हणता येईल की, हा दोष सर्वच खेळांचा आहे. जो खेळ पुनःपुन्हा खेळावयाचा, तो परिचित होणारच. हे अंशतः खरे आहे. परंतु ‘ग्रॅनी’नेच आपल्या अंगातील उणीव तपासण्याचे साधन खेळणाऱ्याच्या हाती दिले आहे. त्यात पुढे सरावाची एक पद्धत घालण्यात आली. तीत वृद्धा घरात नसते. या रिकाम्या घरात हिंडणाऱ्याला कसलेही भय वाटत नाही. वस्तू उचलाव्यात, टाकाव्यात, दारे उघडावीत, एवढेच काय ते उरते. भरताने ओसाड घर हाच भयाचा विभाव सांगितला होता. येथे घर ओसाड होताच भय नाहीसे होते. नारायण धारप (१९२५–२००८) किंवा रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांशी परिचय असणाऱ्यास हा फरक चटकन जाणवेल. त्या परंपरेत वास्तूला स्वतःचा भूतकाळ असतो, आणि कोणी दिसत नसतानाच ती अधिक बोलते. ‘ग्रॅनी’च्या घराला भूतकाळ नाही. सूचना म्हणून काही वस्तू मांडलेल्या आहेत, निर्मात्याच्या आधीच्या ‘स्लेंड्रीना’ मालिकेशी दुवेही जोडलेले आहेत. पण ते जाणकारांसाठी ठेवलेल्या खुणांपलीकडे जात नाहीत.

कोड्यांच्या रचनेतही हीच उणीव दिसते. एका कलिंगडात वस्तू दडलेली असते आणि ते गिलोटीनखाली ठेवून कापावे लागते. ही कल्पना क्षणभर चमत्कृती उत्पन्न करते. परंतु कलिंगडात किल्ली का असावी, या प्रश्नाला खेळात उत्तर नाही. एका किल्लीने दुसरे कपाट उघडावे, त्यात तिसरी वस्तू मिळावी, अशी साखळी चालू राहते. व्याकरणाचा दृष्टांत द्यावयाचा तर, येथे पदांचा अन्वय निर्दोष आहे, पण वाक्याला अर्थ नाही.

२०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात वृद्धेच्या जोडीला एक वृद्ध आला. त्याला कमी ऐकू येते, परंतु त्याचा प्रहार जबर असतो. पहिल्या भागातील उणीव भरून काढण्याची ही संधी होती. पण निर्मात्याने श्रवणशक्तीचे प्रमाण बदलले. कथा वाढविली नाही. दोन माणसे एका घरात राहतात, एकाला ऐकू येते व दुसऱ्याला येत नाही, या साध्या वस्तुस्थितीत संसाराचे केवढे नाट्य दडलेले आहे! खेळाने त्यातून केवळ दोन निराळे वेग आणि दोन निराळी अंतरे घेतली.

६

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे, आणि तो भाषेच्या अभावातून येतो. वर ज्या अल्पभाषित्वाची गुण म्हणून नोंद केली, तेच दुसऱ्या बाजूने पाहता खेळाचे सर्वांत मोठे दारिद्र्य ठरते. खेळणाऱ्याला वृद्धेशी बोलता येत नाही. विनविता येत नाही, फसविता येत नाही, वचन देता येत नाही.

मराठी लोककथेतील भयप्रसंगांशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. म्हातारी आणि भोपळा ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला रानात वाघ-कोल्हा गाठतात. तिच्यापाशी ना शक्ती, ना शस्त्र. ती त्यांना शब्द देते. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, एवढ्या बोलीवर ती सुटते, आणि परतताना भोपळ्यात बसून पुन्हा शब्दांनीच हुलकावणी देते. या कथेत संकट खरे आहे, पण त्याच्याशी बोलता येते. हाकामारीची समजूत याच्या दुसऱ्या टोकाला आहे. रात्री कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असा तो नियम. हा नियम ‘ग्रॅनी’च्या नियमाइतकाच आखूड आहे, आणि त्यातही मौन हाच बचाव आहे. तथापि दोहोंत महदंतर आहे. हाकामारी आपल्या माणसाच्या आवाजात, आपल्याच नावाने हाक मारते. ओ द्यावी तर प्राण जाण्याची धास्ती. न द्यावी तर दाराबाहेर खरोखर आपलेच माणूस ताटकळत असल्याची शंका. संबोधन हा भाषेतील सर्वांत जिव्हाळ्याचा प्रयोग, आणि भय नेमके तेथेच बसविलेले आहे. ‘ग्रॅनी’तील मौनाला अशी कोणतीही किंमत द्यावी लागत नाही, गप्प बसल्याने कोणी अंतरत नाही.

२०१८ साली प्रदर्शित झालेला, राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट येथे साक्षीस घेता येईल. त्यातही साखळदंडाने बांधलेली, भयंकर झालेली वृद्धा आहे. तिला वेळेवर खाऊ घालावे लागते, आणि हस्तरचे नाव घेतले की ती निद्राधीन होते. तिच्यापासून रक्षण करणारी वस्तू म्हणजे एक नाव आहे, आणि ते मुलाला संकटाच्या घटकेस आठवावे लागते. तेथे भय वाढते ते त्या आठवण्या-विसरण्याच्या ताणामुळे. तिच्या शापामागे घराण्याची हाव आहे, म्हणून तिचा धाक पडतो तशी तिची कीवही येते.

अभिनवगुप्ताने भयानकाच्या विवेचनात ‘शाकुंतला’तील बाणाच्या धाकाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथील भय ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ अशा संबंधांतून मोकळे होते आणि म्हणूनच आस्वाद्य होते, असा त्याचा आशय आहे. ‘ग्रॅनी’त असे मोकळे होणे घडत नाही. खेळणाऱ्याला भय वाटते ते एक दिवस गमावण्याचे, म्हणजे सर्वस्वी स्वतःचे. खेळ या प्रकारात साधारणीकरण अशक्यच आहे, असे मात्र समजू नये. जेथे पात्राला वाणी असते आणि खेळणाऱ्याला त्याच्या स्थितीत शिरता येते, तेथे ते शक्य आहे. या खेळाने ती वाट स्वतःच बंद करून घेतली आहे.

७

तिसऱ्या दोषाचा संबंध खेळाच्या नावाशी आहे. इंग्रजीतील ‘ग्रॅनी’ हा शब्द नात्याचा आहे, तसाच तो कोणत्याही वृद्धेस, कधी प्रेमाने तर कधी तुच्छतेने, लावला जातो. मराठी ‘आजी’ हा शब्दही परक्या वृद्धेस उद्देशून वापरतात. पण तेथे तो आदराने जोडलेले नाते सुचवितो. नुसते वय सांगावयाचे तर मराठीत ‘म्हातारी’ हा निराळा शब्द आहे. उर्दू-हिंदीत दादी व नानी, तेलुगूत नानम्मा व अम्मम्मा असे पितृकुलाचे व मातृकुलाचे भेद आहेत. मराठीत दोघींना एकच ‘आजी’ पुरते. चारी भाषांत ही नावे कुठल्या तरी नातवंडाची अपेक्षा करतात. खेळातील ‘ग्रॅनी’ कोणाची आजी आहे, हे खेळणाऱ्याला सांगितले जात नाही. तिला वय दिले आहे, कान दिले आहेत, हातात दांडके दिले आहे; नाते तेवढे दिलेले नाही. परिणामी तिच्या भयंकरपणाचा सारा भार तिचे म्हातारपण व तिचे एकटेपण या दोनच गोष्टींवर पडतो.

हा भार निष्पाप नाही. एकटी राहणारी वृद्ध स्त्री भयंकर असते, या समजुतीची किंमत महाराष्ट्रात प्रत्यक्ष स्त्रियांनी मोजलेली आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखाद्या व्यक्तीवर करणीचा किंवा चेटकाचा आळ घेऊन तिचे जिणे अशक्य करणे हा अपराध मानला आहे. एका परदेशी खेळामुळे असे आळ घेतले जातात, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तसे म्हणण्यास आधारही नाही. आक्षेप कलेच्या अंगाने आहे. समाजात आधीच तयार असलेली धास्ती उचलावी आणि तिच्यात स्वतःची काहीही भर घालू नये, हे कलाकृतीचे आळशीपण होय. ‘तुंबाड’मधील वृद्धा भयंकर का झाली, हे प्रेक्षकाला सांगावे लागले. ‘ग्रॅनी’ने मात्र म्हातारपण हेच पुरेसे कारण मानले आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. मराठी घरांत भुताखेतांच्या गोष्टी मुलांपर्यंत पोहोचविण्याचे काम बव्हंशी आजीने केले. हडळ, मुंजा, चकवा यांचे भय तिच्या मांडीवर डोके ठेवून ऐकता येत होते. भय आणि अभय एकाच आवाजातून येत होते. तिचा आवाज थांबला की भयही थांबे. खेळात तिच्याकडून तो आवाज काढून घेतला गेला आणि केवळ ऐकणारे कान मागे राहिले. सांगणारी आजी ऐकणारी झाली, आणि ऐकणारे मूल मुके झाले. हा पालट निर्मात्याने योजून केलेला असता, तर त्यातून एक विलक्षण कृती जन्मास येती. तो योजलेला नाही, केवळ घडलेला आहे, हे खेळाच्या उरलेल्या रचनेवरून दिसते.

८

एकंदरीत, ‘ग्रॅनी’ हा आपल्या प्रकारातील चांगल्या प्रतीचा, परंतु लवकर सरणारा खेळ आहे. एका नियमातून भय आणि युक्ती दोन्ही निर्माण करणे, कानाला डोळ्यापेक्षा अधिक महत्त्व देणे आणि भाषेच्या अडसराविना सर्वांस खुला राहणे, हे त्याचे खरे गुण होत. अपुऱ्या साधनांनी काम करू इच्छिणाऱ्या कोणाही निर्मात्याने त्यांपासून शिकावे. त्याचे दोषही त्याच काटकसरीतून उद्भवलेले आहेत. नियम कळेपर्यंतच त्याचे भय टिकते. कारण नियमाच्या पाठीशी घर नाही, नाते नाही आणि शब्द नाही.

मराठीत असा खेळ पुढेमागे रचला गेल्यास त्याला केवळ वाड्याचे किंवा हडळीचे देशी चित्र देऊन भागणार नाही. ‘खुट्ट’, ‘धप्प’, ‘करकर’, ‘सळसळ’ यांसारख्या अनुकरणवाचक शब्दांनी मराठी बोलणारा आवाजाआवाजांत कोणते भेद करतो, कोणत्या आवाजाला तो चाहूल मानतो आणि कोणत्या शांततेला अशुभ, याची पाहणी आधी व्हावयास हवी. भिवंडी तालुका हे अशा पाहणीस फार सोयीचे क्षेत्र आहे. मराठी, उर्दू व तेलुगू बोलणारी विणकर घराणी आणि आगरी, वारली, कातकरी बोलणारी गावे तेथे काही मैलांच्या परिघात आहेत. आवाजाची, भयाची आणि आजी-नातवंडांच्या नात्याची त्यांची शब्दसंपत्ती एकत्र नोंदविली गेल्यास भाषाविज्ञानाला ती उपयोगी पडेलच. शिवाय माग थांबल्यावर पसरणारी शांतता कोणत्या भाषेत कोणत्या शब्दाने सांगितली जाते, हेही प्रथमच नीट कळेल.